पाहुणी वेल

मुलांनो, शहरातील चाळीत जा, गावातील शाळेत जा अथवा एखाद्या कचेरीत जा. खिडकीच्या कडेला एक हिरवी वेल तुमच्या दृष्टीस पडण्याचा संभव फार. तिची पाने हृदयाच्या आकाराची, तुळतुळीत व जाडसर असतात आणि त्यांवर पिवळसर शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात. कोठे ती कुंडीत लावलेली असते, तर कोठे पाण्याच्या बाटलीत ठेवलेली असते. हिला सर्वजण ‘मनीप्लँट’ म्हणतात. ही वेल घरात असली की धन येते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. एवढेच नव्हे, तर ती दुसऱ्याच्या घरून चोरून आणली तरच लाभते, असेही काही लोक सांगतात. पैशाशी या वेलीचा कसलाही संबंध नाही, आणि चोरून आणल्याने कोणतेही झाड अधिक वाढत नाही. तथापि जी वेल इतक्या घरांतून नांदते, तिची खरी ओळख मात्र फारच थोड्यांना असते.

ओळख नसल्याचा परिणाम वेलीला भोगावा लागतो. हौसेने आणलेली वेल दोन-तीन महिन्यांत पिवळी पडते, तिचे देठ मऊ होतात आणि एके दिवशी ती मान टाकते. मग घरातील मूल हळहळून म्हणते, “मी रोज तिला पाणी घालत होतो, तरी ती मेली!” या वाक्यातील ‘तरी’ हा शब्द पुष्कळदा चुकीचा असतो. तेथे ‘म्हणून’ हा शब्द हवा. रोज पाणी घातले, म्हणून ती मेली. वेलीवर प्रेम होते. परंतु तिला काय हवे, याचे ज्ञान नव्हते. ते ज्ञान मिळवावयाचे, तर तिचे माहेर पाहिले पाहिजे.

नकाशा उघडून प्रशांत महासागर पाहा. त्याच्या दक्षिण भागात सोसायटी बेटे नावाचा एक द्वीपसमूह आहे. तेथील ताहिती बेटाच्या वायव्येस मोरेआ नावाचे लहानसे, डोंगराळ बेट आहे. हे या वेलीचे मूळस्थान होय. मोरेआ विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे साडेसतरा अंशांवर आहे. आपल्या कोकणातील गुहागर विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळजवळ तितक्याच अंशांवर आहे. दोन्ही ठिकाणी समुद्र जवळ, हवा उष्ण व दमट आणि पाऊस भरपूर. म्हणूनच ही परदेशी पाहुणी आपल्याकडे इतकी सहज रुळली. १८८० साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे प्रथम वर्णन केले. पुढे तिचे शास्त्रीय नाव अनेकदा बदलले आणि १९६४ साली तिला ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हे आजचे नाव मिळाले. त्यातील ‘ऑरियम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सोनेरी’ असा आहे. कुळाने ती आपल्या अळवाची व सुरणाची नातलग आहे.

उष्ण कटिबंधातील अरण्यात उंच वृक्षांची छाया इतकी दाट असते, की जमिनीपर्यंत फारच थोडा प्रकाश पोचतो. अशा जागी ही वेल जमिनीवरून सरपटत निघते. तिच्या खोडावर थोड्याथोड्या अंतराने पेरे असतात. वृक्षाचा बुंधा सापडला, की पेरांतून फुटलेली मुळे त्याच्या सालीला घट्ट चिकटतात आणि वेल वर चढू लागते. बांडगुळाप्रमाणे ती वृक्षाचा रस शोषून घेत नाही. ती केवळ त्याचा आधार घेते. जसजशी ती वर जाते, तसतसे तिचे खोड जाड होते व पाने मोठी होतात. अशी वेल २० मीटर उंच चढू शकते आणि तिचे एकेक पान १ मीटरपर्यंत लांब होऊ शकते. या मोठ्या पानांच्या कडा जागोजागी चिरलेल्या असतात. खिडकीतील वीतभर पानाची वेल आणि अरण्यातील ही वेल एकच, हे प्रथम पाहणाऱ्याला खरेसुद्धा वाटत नाही.

हे समजले म्हणजे निगा राखणे अवघड राहत नाही. अरण्यात तिला जे मिळत होते, ते घरात मिळावे, एवढेच आपण पाहावयाचे.

प्रथम प्रकाशाचा विचार करू. वृक्षांच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडाची या वेलीला सवय असते. भर दुपारच्या उन्हात ठेवल्यास तिची पाने करपतात. उलट, अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात ती मरत नाही, पण वाढही नीट होत नाही. पानाचा जो भाग पिवळा वा पांढरा असतो, त्यात हरितद्रव्य फार कमी असते. उजेड अपुरा पडला, की नवीन पानांवरील पिवळी छटा बहुधा कमी होत जाते आणि पाने हिरवीगार येऊ लागतात. कारण थोड्या प्रकाशात अन्न तयार करण्यासाठी वेलीला हरितद्रव्य अधिक लागते. सकाळचे कोवळे ऊन येणारी पूर्वेकडील खिडकी या वेलीला उत्तम होय. कडाक्याच्या थंडीची मात्र तिला सवय नाही. तपमान १० अंश सेल्सियसच्या खाली उतरले, तर तिला अपाय होतो. म्हणून जेथे हिवाळ्याच्या रात्री फार गार असतात, तेथे तिला घरात घ्यावे.

यानंतर पाणी. मोरेआच्या अरण्यात पाऊस पुष्कळ पडतो, मग रोज पाणी घातले तर बिघडले कोठे, असे तुम्ही विचाराल. याचे उत्तर कुंडीच्या बुडाशी आहे. अरण्यातील पाणी डोंगरउतारावरून वाहून जाते. कुंडीतील पाणी साचून राहते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा असते. मुळांना पाण्याइतकीच त्या हवेचीही गरज असते. रोजच्या पाण्याने त्या पोकळ्या भरून गेल्या, की मुळे गुदमरतात व कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. अशा रीतीने चोहीकडे पाणी असूनही वेल तहानेने मरते! म्हणून पाणी घालण्यापूर्वी बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. माती ओलसर लागली, तर त्या दिवशी पाणी घालू नये. कोरडी लागली, तर बुडाच्या भोकातून निथळेपर्यंत घालावे. उन्हाळ्यात ही वेळ लवकर येते, पावसाळ्यात व हिवाळ्यात उशिरा.

याच कारणासाठी कुंडीच्या बुडाला भोक असलेच पाहिजे. चिकण माती एकटी वापरू नये. बागेची माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी जाडसर वाळू यांचे मिश्रण करावे. खताचाही अतिरेक नको. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरे होते. पानांवर धूळ बसली, तर ती ओल्या फडक्याने हलकेच पुसावी. धुळीच्या थरामुळे पानापर्यंत उजेड कमी पोचतो.

तिसरी गोष्ट आधाराची. अनेक घरांत ही वेल शिंक्यातून खाली सोडतात. ती दिसते छान, पण खाली लोंबणाऱ्या वेलीची पाने लहानच राहतात. तिला वर चढावयास द्या, म्हणजे फरक तुमच्या डोळ्यांना दिसेल. एका काठीला नारळाचा काथ्या गुंडाळून ती कुंडीत रोवावी, वेल तिला सैलसर बांधावी आणि काथ्यावर अधूनमधून पाणी शिंपडावे. काही दिवसांनी पेरांतील मुळे त्या ओल्या काथ्यात शिरतात आणि पुढची पाने पूर्वीपेक्षा मोठी येऊ लागतात. कोकणातील बागायतदार मिरीची वेल सुपारीच्या झाडावर चढवितात, ती रीत येथे आठवावी.

या वेलीची आणखी एक गोष्ट नवलाची आहे. तुमच्यापैकी कोणी तिचे फूल पाहिले आहे काय? पाहिले नसणार. वनस्पतीच्या शरीरात जिबरेलिन नावाचे एक संप्रेरक असते. या वेलीतील एका जनुकात दोष असल्याने ते पुरेसे तयार होत नाही आणि म्हणून तिला फूल येत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. फूल नाही, म्हणून बी नाही. मग ती इतक्या घरांत पोचली कशी? माणसांच्या हातांनी! एक पेर असलेला तुकडा कापून पाण्यात किंवा ओल्या मातीत ठेवला, की थोड्याच दिवसांत त्याला मुळे फुटतात. तुमच्या खिडकीतील वेल ही कोणाच्या तरी वेलीचा तुकडा आहे आणि ती वेल आणखी कोणाच्या तरी वेलीचा. शेजाऱ्याने आनंदाने दिली, म्हणून ती आपल्याकडे आली. अशी वस्तू चोरण्याचे कारणच काय? हवी असेल तर मागून घ्यावी आणि कोणी मागितली तर द्यावी.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. अळूचे कच्चे पान वा देठ तोंडात घातले, तर घशाला खाज सुटते, हे तुम्हांस ठाऊक असेल. ही वेल त्याच कुळातील आहे. तिच्या पानांत व देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावले गेल्यास तोंडाची आग होते व सूजही येते. म्हणून रांगणारे मूल, मांजर व कुत्रे यांच्या तोंडी ती लागणार नाही, अशा जागी तिला ठेवावे आणि छाटणी केल्यावर हात धुवावेत.

बाटलीतील वेलीबाबत अधिकच दक्ष राहिले पाहिजे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडीस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्याला बाटलीतील पाणी बदलावे. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी काचेला चिकटून राहतात व कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. यासाठी बाटली आतून घासून धुवावी. कुंडीखालच्या बशीतही पाणी साचू देऊ नये. खिडकीतील शोभेपायी घरातील कोणी तापाने अंथरुणास खिळावे, हे कोणालाच आवडणार नाही.

घरातील दोन-चार वेलींनी हवा शुद्ध होते, असेही तुमच्या कानी येईल. बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवरून १९८९ साली तसे अनुमान निघाले होते. परंतु २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा पुन्हा हिशेब केला, तेव्हा असे दिसले, की वाऱ्याच्या सहज येण्याजाण्याने जेवढे काम होते, तेवढे होण्यासाठी खोलीत दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे ठेवावी लागतील. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडावी आणि वेल ठेवावी ती तिच्या हिरवेपणासाठी.

शेवटी, छाटलेले तुकडे कोठे टाकावयाचे, हेही शिकले पाहिजे. प्रत्येक पेर म्हणजे एक नवी वेल. श्रीलंकेतील कँडी शहरालगत उडवत्तकेले नावाचे राखीव वन आहे. तेथे बागेच्या शोभेसाठी आणलेली ही वेल वनात शिरली, तिने पुष्कळ जमीन व्यापली आणि ती झाडांवर चढली. तिच्या दाट पानांखाली तेथील मूळची रोपटी वाढू शकत नाहीत. घरात जी पाहुणी शोभते, तीच रानात गेली तर तेथल्या मूळ रहिवाशांना जागा उरत नाही. म्हणून छाटलेले तुकडे ओढ्याकाठी वा रानात टाकू नयेत. कोणाला द्यावेत किंवा पूर्ण वाळवून मग खतात घालावेत.

मुलांनो, वेलीला वाचा नाही, परंतु तिची पाने आपली स्थिती सांगत असतात. पान पिवळे आणि माती ओली, तर पाणी जास्त झाले. पान मलूल आणि माती कोरडी, तर वेल तहानलेली आहे. दोन पानांमधील कांडे लांब व पाने बारीक, तर उजेड कमी पडतो. पानावर करपलेले तपकिरी डाग, तर बहुधा ऊन कडक लागले. हे वाचावयास एक मिनिटसुद्धा लागत नाही. उद्या सकाळी पाण्याचा तांब्या हातात घेण्यापूर्वी आधी पान पाहा, मग मातीला बोट लावा आणि त्यानंतरच पाणी घालावयाचे की नाही, ते ठरवा.

अभ्यास

१. “रोज पाणी घातले, म्हणून ती मेली.” असे लेखक का म्हणतात, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. मोरेआ बेट व कोकण यांत कोणते साम्य आहे? नकाशात दोन्ही ठिकाणे दाखवा.
३. चढणारी वेल आणि लोंबणारी वेल यांत कोणता फरक दिसतो?
४. बाटलीतील पाणी बदलताना बाटली आतून घासणे का आवश्यक आहे?
५. तुमच्या घरातील किंवा शाळेतील एका कुंडीचे पंधरा दिवस निरीक्षण करा आणि माती कोणत्या दिवशी कोरडी लागली, याची नोंद ठेवा.