पेल्यातील बर्फाची चौकशी

ठाण्याकडून बाळकुम मागे टाकून खाडीवरचा पूल उतरले की लागणारे मौजे कशेळी ज्यांनी भातखाचरांच्या आणि खाडीत जाळी टाकणाऱ्या होड्यांच्या दिवसांत पाहिले असेल, त्यांस आजच्या कशेळीची ओळख पटणे कठीण आहे. कारण तेथपासून काल्हेर, पूर्णा आणि पुढे अंजूरफाट्यापर्यंत गोदामांची, कंटेनरांची आणि उंच इमारतींची अशी काही दाटी झाली आहे की, मोकळी राहिलेली जागा म्हणजे लग्नसमारंभांची लॉन्स आणि रिसॉर्टे एवढीच उरली आहे. झावळ्यांनी शाकारलेला बार, वेताच्या खुर्च्या, तलावाकाठी लावलेले माड आणि रंगीत पेयांचे उंच पेले असा गोव्याचा सारा थाट ह्या रस्त्याच्या कडेस आता हाकेच्या अंतरावर मिळतो. ह्या हौशीत मला गैर काही वाटत नाही. दिवसभर गोदामांच्या हिशेबात बुडालेल्या माणसांना सायंकाळी झाडाखाली बसून काही थंड घ्यावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. मला सांगावयाचे आहे ते त्या थंडपणाविषयी.

आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीचा साखरपुडा परिसरातील अशाच एका ठिकाणी उन्हाळ्यात झाला. पाहुणे ठाणे, काल्हेर, खारबाव अशा चहूकडून आले होते. दारातच प्रत्येकाच्या हाती निळ्या रंगाचे, लिंबाची चकती खोचलेले सरबत ठेवले गेले. मुलांनी ते पुन्हापुन्हा मागून घेतले. मंडपाच्या एका अंगास पुरुषमंडळींसाठी अननसाचा रस, नारळाचे दूध आणि रम ह्यांचे मिश्रण मोठ्या पिंपात तयार ठेवलेले होते, आणि जेवताना पापलेटाच्या तुकड्यांबरोबर सोलकढीच्या वाट्या फिरत होत्या. प्रत्येक पेल्यात वरपर्यंत चुरलेला बर्फ होता. समारंभ उत्तम पार पडला, जेवण रुचकर होते, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचे पोटसुद्धा दुखले नाही.

महिना उलटून गेल्यावर खारबावच्या एका मुलास ताप भरला, अन्न नकोसे झाले, लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद झाली आणि दोन दिवसांत डोळे पिवळे पडले. त्याच सुमारास ठाण्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याला, काल्हेरच्या दोघा तरुणांना आणि आमच्या पुतण्याच्या पत्नीला हीच लक्षणे दिसू लागली. प्रत्येकजण निरनिराळ्या डॉक्टरांकडे गेला, प्रत्येकाने आदल्या आठवड्यात बाहेर काय खाल्ले तेच आठवून सांगितले, आणि एकाची कैफियत दुसऱ्याच्या कानी गेलीच नाही. दोघे तर आधी कावीळ उतरविणाऱ्याकडून गळ्यात माळ घालून आले व त्यात मोलाचे दिवस गेले. सूनबाई तेव्हा सातव्या महिन्यात होती. रक्ताच्या तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला, तेव्हा डॉक्टरांनी पुतण्याला बाजूला बोलावून जे सांगितले ते ऐकून त्याचे पाय लटपटले. कारण हा विकार एरवी बहुधा विश्रांतीने बरा होत असला, तरी गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत त्याने दगावण्याचे प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जाऊ शकते. ती आणि तिचे बाळ दोघेही वाचले. परंतु अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर वहिनींनी काढलेल्या त्या रात्री मी जवळून पाहिल्या आहेत, आणि हे सारे लिहिण्याचे कारण त्या रात्रींतच आहे.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात भेटीस आलेल्या आप्तांच्या बोलण्यातून निरनिराळ्या गावांची ही आजारपणे प्रथमच एकत्र आली, आणि साखरपुड्याच्या दिवसाखेरीज ह्या सर्वांना जोडणारा दुसरा धागा सापडेना. येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. विटलेले अन्न त्याच रात्री आपला अपराध कबूल करते. पाण्यातून येणारी कावीळ तसे करीत नाही. हिपॅटायटिस ए प्रकट होण्यास पंधरा ते पन्नास दिवस लागतात, हिपॅटायटिस ई दोनपासून दहा आठवड्यांपर्यंत दडून राहतो, आणि टायफॉइडचा ताप पुष्कळदा एक ते तीन आठवड्यांनी चढतो. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने जवळजवळ २९,००० लोकांना कावीळ झाली, ती ह्याच ई जातीच्या विषाणूची होती हे कित्येक वर्षांनंतर निष्पन्न झाले. २०१२ साली आपल्या इचलकरंजीने तोच अनुभव घेतला. तेथे नळाचे पाणी सर्वांचे एक होते म्हणून माग तरी लागला. समारंभात मात्र पाहुणे पांगतात, आणि त्यांच्याबरोबर पुरावाही पांगतो.

आम्ही चार वडीलधारी मंडळी त्या ठिकाणी गेलो, ती भांडणासाठी नव्हे, चौकशीसाठी. व्यवस्थापकांनी आम्हांस मागची बाजू दाखविली, एवढे सौजन्य त्यांच्या खाती जमा केले पाहिजे. मोरीच्या शेजारी ओल्या गोणपाटाखाली बर्फाची लादी आडवी टाकलेली होती. लाकडी मोगरीने ती फोडून अर्धा चुरा पापलेट-सुरमईच्या क्रेटात आणि अर्धा बारच्या बादलीत भरला जात होता, आणि त्या बादलीच्या कडेला माशांचे खवले चिकटलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. फोडणारा मुलगा निर्मळपणे म्हणाला, “काका, बर्फ सगळा एकच येतो, टेम्पोने.” त्या बर्फानेच कावीळ झाली असे शपथेवर सांगण्याजोगा दाखला मजजवळ नाही, ती लादी केव्हाच वितळून गेली होती. परंतु बाटलीबंद पाण्यावर आणि गरम चहावर राहिलेल्या वृद्धांपैकी एकासही आजार झाला नाही, ह्याची दखल घेणे मला भाग आहे.

लादीचा बर्फ कसा होतो हे ठाऊक असणे उपयोगाचे आहे. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी डबे पाण्याने भरून ते अमोनियाच्या यंत्राने थंड केलेल्या मिठाच्या पाण्यात उभे बुडवितात. पाणी कडेकडून गोठत आत येते आणि हवा व क्षार मध्याकडे ढकलले जाऊन तेथे पांढरा, धुरकट गाभा उरतो. पाणी कोणते भरले ह्यावर सारे अवलंबून असते, कारण गोठण्याने हे विषाणू मरत नाहीत, आणि काचेसारखा नितळ बर्फ हाही शुद्धतेचा दाखला नव्हे. मासळी टिकविण्याचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही, म्हणून २०१८ पासून अखाद्य बर्फात खाद्य निळा रंग, दशलक्षात दहा भागांपर्यंत, मिसळावा असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा हुकूम आहे. निळसर झाक असलेला बर्फ मासळीचा आणि पांढरा खाण्याचा, ही खूण फार मोलाची. पण पेयच निळे असले म्हणजे ती खूण पाहणाऱ्याच्या डोळ्यांस दिसणार कशी? बर्फाचा उगम ठाऊक असण्याचाही एक काळ होता. १८३३ साली बोस्टनच्या ‘टस्कनी’ जहाजाने कलकत्त्यास पहिला अमेरिकी बर्फ आणला. पुढे मुंबईसही तसाच बर्फ येऊ लागला आणि आज जेथे कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट उभी आहे तेथे त्यासाठी घुमटाकार बर्फघर बांधले गेले. तो बर्फ अमेरिकेतील गोठलेल्या सरोवरांतून कापून आणलेला आहे, हे घेणारास ठाऊक असे. आज बर्फ दोन कोसांवरून येतो आणि यजमानास त्याचा ठावठिकाणा सांगता येत नाही.

तेव्हा समारंभ ठरविताना मेन्यूच्या चर्चेत जितका वेळ पनीर आणि पापलेट ह्यांस देतो, त्याच्या चौथाई तरी बर्फास द्यावा. तो कोणत्या कारखान्याचा, त्याच्या पिशवीवर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक छापलेला आहे काय, आणि तो मासळीच्या फ्रीजरपासून अलग ठेवतात काय, हे विचारावे. मधोमध भोक असलेला नळीचा बर्फ मोहोरबंद पिशवीतून आला तर उत्तम; मात्र ती पिशवी फोडून बर्फ उघड्या हातांनी काढला जात असेल तर पिशवीचा उपयोग संपला. दारूने जंतू मरतात असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगणारे गृहस्थ प्रत्येक बैठकीत असतात. पेल्यात बर्फ आणि सोडा पडल्यावर मद्याचा जोर इतका उतरतो की त्याच्या भरवशावर राहणे सर्वस्वी धोक्याचे आहे.

आपल्या घरगुती पेयांनाही हाच न्याय लावावा लागतो. सोलकढीवर माझे मनापासून प्रेम आहे. परंतु नारळाच्या दुधाचा दुसरा आणि तिसरा हात पाणी घालूनच पिळला जातो, कढी उकळीत नाहीत, आणि वैशाखात ती काही तासांतच फसफसू लागते. ती उकळून निवविलेल्या पाण्यात करावयास सांगावी, थोडी थोडी करावी आणि भांडे बर्फात ठेवावे. भांड्यात बर्फ टाकू नये. कोकम सरबताचेही तेच. आपल्यासमोर कोयत्याने उघडलेले शहाळे ह्या सर्वांहून निर्धोक, आणि गर्भवती स्त्रियांच्या व मुलांच्या हाती तेच द्यावे.

पिंपात आगाऊ कालवून ठेवलेले मद्याचे मिश्रण घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाटलीचे बूच आपल्यासमोर उघडले जावे. जून २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे गेली, आणि आत काय आहे हे पिणाऱ्यांपैकी कोणालाच कळले नव्हते. शिवाय अननस आणि नारळाच्या गोडव्याखाली रमची चव लपते, आणि किती पोटात गेली ह्याचा अंदाज सुटतो. राज्यात बीअरला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षांची अट आहे, ती पिंपाजवळ कोण तपासणार? मोटार चालविणाऱ्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे, आणि समारंभ आटोपून निघण्याच्या वेळी गोदामांचे ट्रेलर ह्याच रस्त्यावर वळत असतात. परतीसाठी न पिणारा चालक यजमानानेच आधी नेमून ठेवावा.

आणखी एक सूचना आमच्या घरात आता पाळली जाते. समारंभाची तारीख, पाहुण्यांची यादी, तसेच पाणी, बर्फ आणि स्वयंपाक कोणाकडून घेतला त्याची पावती असे सारे दफ्तर पुढील तीन महिने जपून ठेवावयाचे. त्या मुदतीत कोणास ताप येऊन अन्नावरची वासना गेली, तर डॉक्टरांस आदल्या आठवड्याचे नव्हे, मागील अडीच महिन्यांतील बाहेरचे खाणेपिणे सांगावयाचे. आणि दुसरा रुग्ण कळताच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कचेरीत लेखी वर्दी द्यावयाची, म्हणजे पाणी व बर्फ ह्यांचे नमुने घेणे शक्य असेल तोवर घेतले जातील आणि यादीतील प्रत्येक गरोदर स्त्रीला त्याच दिवशी निरोप जाईल.