वीतभर थराच्या भरवशावर

अलास्कात फेअरबँक्सच्या आसपास मी बरीच वर्षं गोठलेल्या जमिनीचं तापमान मोजते आहे. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना चार गोष्टी आवर्जून सांगते.

१. आधी पायाखाली बघा. इथला काळा स्प्रूस शंभरीतही मनगटाएवढाच जाड असतो. त्याच्या मुळांशी मॉस आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचा वीतभर थर असतो, आणि त्याखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे उन्हाळ्यातही न वितळणारी जमीन. बर्फाच्या लादीवर आपण भुसा घालून गोणपाट टाकतो, तेच काम हा थर करतो. कोरडा मॉस उन्हाळ्यात ऊब खाली जाऊ देत नाही. थंडीत भिजून गोठला की आतली ऊब वर सोडतो.

१९४६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी फेअरबँक्सजवळ जमिनीचे तीन तुकडे आखले. एक जसाच्या तसा ठेवला, दुसऱ्यावरची झाडं कापून मॉस राखला, तिसरा पार खरवडला. २६ वर्षांनी पहिल्यातला पर्माफ्रॉस्ट जागच्या जागी होता. तिसऱ्यात तो ६.७ मीटर खाली गेला होता. मला जास्त अस्वस्थ करतो तो दुसरा तुकडा: मॉस शाबूत असूनही तिथे ४.७ मीटर! म्हणजे झाडांची सावलीही हवीच. घरासाठी जागा साफ करायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे आकडे ऐकवते.

२. वितळलेल्या थराची खोली मोजायची सळई जमिनीत उन्हाळा सरताना खुपसा. जूनमधल्या मोजमापावरून जमीन किती खोल वितळणार ते कळत नाही. आणि कान उघडे ठेवा. दगडावर सळई खणकते, बर्फावर बद्द वाजते.

३. उत्तरेच्या टुंड्रात अवजड वाहनं हिवाळ्यातच न्यावीत. ३० सेंटिमीटर खोलीवर जमीन उणे ५ अंश आणि वर पुरेसा बर्फ असेल तरच वाहन न्यायचं, हा तिथला नियम मला अतिशय योग्य वाटतो. १९४० च्या दशकात मॉस फाडत गेलेल्या ट्रॅक्टरांचे चर आजही विमानातून दिसतात.

४. वणव्याबद्दल ठाम बोलण्याआधी स्थानिक शिकाऱ्यांना विचारा. जळिताच्या जागी विलो आणि बर्च फुटतात, काही वर्षांत मूस ही थोराड हरणं चरायला येतात आणि गावाला मांस मिळतं. कॅरिबू हरणं ज्यावर जगतात ते लायकेन परतायला मात्र कित्येक दशकं जातात. म्हणूनच वस्तीपासून दूरचे वणवे इथे बहुधा फक्त नजरेखाली ठेवतात. पण २००४ मध्ये अलास्कात सुमारे ६६ लाख एकर जळलं. आग खोलवर गेली की वीतभर थरच जातो, खालचा बर्फ उघडा पडतो आणि हजारो वर्षं साठलेला कार्बन सुटू लागतो. २०२३ मध्ये युकॉन फ्लॅट्स अभयारण्यात सुमारे १६ लाख एकरांवरच्या आगी, हा कार्बन जमिनीतच राहावा म्हणून, लवकर विझवायचा प्रयोग सुरू झाला. मी त्याच्या बाजूची आहे. मात्र विझवलेल्या आणि जळू दिलेल्या, दोन्ही जमिनींवर दरवर्षी सळई घेऊन जाणारी माणसं लागतील, आणि त्यांचा खर्च आग विझवणाऱ्या विमानांच्या खर्चासोबतच मंजूर व्हायला हवा.