फुकट नव्हे, मुक्त!

होस्टेलवर कुठलंही सॉफ्टवेअर लागलं की पहिला प्रश्न ठरलेला, "क्रॅक कुणाकडे आहे रे?" मग कुणी मुक्त सॉफ्टवेअरचं नाव काढलं, की आपण म्हणतो, "क्रॅकही फुकट, हेही फुकट. फरक काय?"

फरक आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तो पैसे वाचवायला नव्हे. सॉफ्टवेअर हवं तसं वापरावं, आतला कोड वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, ही ती मोकळीक.

संशोधनात तपासता येणं किती मोलाचं, ते बघा. २०१० मध्ये रेनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी मांडलं, की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकसित देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते. सरकारी काटकसरीच्या बाजूने हा आकडा जगभर पुढे केला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला तो काही केल्या जुळेना. त्याने लेखकांकडून मूळ एक्सेल फाईल मागवली. सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटले होते! ही चूक आणि इतर त्रुटी दुरुस्त केल्यावर आकडा आला २.२ टक्के. दोष एक्सेलचा नव्हता, पण सेलमागे दडलेलं सूत्र सहज दिसत नाही.

म्हणून पायऱ्या लिहून ठेवणारं साधन हवं. इकॉनोमेट्रिक्ससाठी 'ग्रेटल' हे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या नमुना फाईल्समध्ये रामनाथन यांच्या पुस्तकातला घरांच्या किमतींचा डेटा आहे, एकूण १४ घरं. मॉडेल मेनूतून ऑर्डिनरी लीस्ट स्क्वेअर्स निवडा, किंमत अवलंबून चल आणि क्षेत्रफळ स्वतंत्र चल ठेवा. उत्तर येतं ०.१३९. किंमत हजार डॉलरमध्ये आहे, म्हणजे दर चौरस फुटामागे सुमारे १३९ डॉलर. आता कमांड लॉग उघडा. तुम्ही माऊसने केलेलं काम तिथे ओळीओळीने लिहिलेलं दिसेल. ते सेव्ह केलं की झाली स्क्रिप्ट! मोठ्या कामाला 'आर' आहे, रिपोर्टला लाटेक आणि रोजच्या कामाला लिबरऑफिस.

अर्थात, चुकीचं मॉडेल मुक्त सॉफ्टवेअरमध्येही चुकीचंच राहतं. फक्त ते दुसऱ्याला पकडता येतं. तेव्हा यंदाच्या प्रोजेक्ट रिपोर्टसोबत डेटा आणि स्क्रिप्टही जोडा. पुढच्या वर्षीचा ज्युनिअर ती चालवून बघेल, आणि तुमचा आकडा त्याच्याकडेही आला पाहिजे.