सिमेंटची भट्टी आणि गुऱ्हाळाचें चुलाण

गेल्या हंगामांत एका गुऱ्हाळावर चिपाड ओलें म्हणून चुलाणांत रबर व चिंध्या लोटलेल्या आम्हीं पाहिल्या. हटकतां उत्तर मिळालें, "सिमेंटवाले जाळत्यात की, मग आमचंच काय वाईट?"

खरें आहे, ते जाळतात. आपल्या राज्यांत चंद्रपूर जिल्ह्यांत गडचांदूर, घुग्गुस येथें सिमेंटचे कारखाने आहेत. सिमेंटच्या फिरत्या भट्टींत माल सुमारें १४५० अंश तापतो, ज्योत त्याहूनहि प्रखर. त्या आंचेंत वायु कांहीं क्षण राहिल्यानें विषारी द्रव्यें बहुतेक जळून जातात. आम्ल धूर चुना शोषतो, आणि राख सिमेंटांतच मुरते. २०१६ च्या नियमांनीं तर कचऱ्याच्या जळणाचा कारखाना १०० किलोमीटरांत असल्यास निदान ५ टक्के इंधन तेंच वापरण्यास उद्योगांस सांगितलें होतें. मात्र तेथेंहि कचरा निवडून, वाळवून, बारीक करूनच घालतात. क्लोरीन असलेलें प्लॅस्टिक त्या भट्टीसहि बाधतें.

चुलाणांत यांतलें काय आहे? आंच कमी, धूर अर्धा जळलेला, राख शेतांत जावयाची, आणि वर उघडी काहील! ओल्या चिपाडाची बरीच उष्णता त्यांतलें पाणी आटविण्यांतच खर्च होते. तें पातळ पसरून, उलथून, कडकडीत वाळल्यावरच चुलाणाशीं न्यावें.