कमी खर्चात क्योतो : सहलीच्या नियोजनाचा एक पाठ



या सत्रात आठवी-नववीच्या वर्गांना ‘कागदावरची सहल’ हा प्रकल्प दिला आहे. शहर आहे जपानमधील क्योतो. “सर, मांडू-महेश्वर सोडून एकदम जपान?” असा प्रश्न मुलांनी केलाच. त्याचे उत्तर या पाठात आहे. पाठ पूर्ण वाचावा, ही विनंती.

शहराची ओळख

क्योतोची स्थापना इ.स. ७९४ मध्ये झाली. तेव्हा त्याचे नाव हेआन-क्यो होते. एकोणिसाव्या शतकात सम्राट तोक्योला जाईपर्यंत, म्हणजे हजारांहून अधिक वर्षे, हे जपानच्या सम्राटांचे नगर होते. चीनच्या छांगआन या राजधानीच्या नमुन्यावर ते चौकटी आखून वसवले गेले. पूर्व-पश्चिम मोठ्या रस्त्यांना चक्क क्रमांक आहेत: निजो म्हणजे दुसरा, सान्जो तिसरा, शिजो चौथा, गोजो पाचवा. उत्तरेकडून दक्षिणेकडे आकडा वाढत जातो. एवढे ध्यानात ठेवले की नवखा माणूसही नकाशा घेऊन पायी फिरू शकतो. स्वस्त सहलीचे पहिले साधन नकाशा वाचता येणे हेच आहे.

दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बसाठी निवडलेल्या शहरांच्या यादीत क्योतोचे नाव होते. १९४५ मध्ये अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्या आग्रहामुळे ते वगळले गेले. शहर वाचले. पण १९५० मध्ये तेथील प्रसिद्ध सुवर्णमंदिर, किंकाकुजी, एका तरुण भिक्षूनेच जाळले. आज दिसते ती १९५५ मध्ये पुन्हा उभारलेली वास्तू. १९९४ मध्ये क्योतो, उजी आणि ओत्सु येथील १७ प्राचीन स्थळांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

एका दिवसाचा आराखडा

सकाळी लवकर क्योतो स्टेशनवरून लोकल गाडीने दुसरे स्थानक इनारी. समोरच फुशिमी इनारी हे देवस्थान. डोंगरावर चढत जाणाऱ्या वाटेवर शेंदरी रंगाच्या हजारो कमानी एकापाठोपाठ एक उभ्या आहेत. या कमानीला ‘तोरी’ म्हणतात. येथे प्रवेश निःशुल्क आहे आणि दार कधीच बंद नसते. जो लवकर उठतो त्याला गर्दी लागत नाही.

परत स्टेशनवर येऊन वीस-पंचवीस मिनिटे चालले की सान्जूसान्गेन्दो. नावाचा अर्थ, खांबांमधील तेहतीस गाळ्यांचे मंदिर. लाकडी सभागृह सुमारे १२० मीटर लांब. ते प्रथम ११६४ मध्ये बांधले, १२४९ मध्ये जळाले, १२६६ मध्ये पुन्हा बांधले. आत कान्नोनच्या, म्हणजेच आपल्या अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती रांगेने उभ्या आहेत. त्यांतल्या १२४ मूर्ती आगीतून वाचवलेल्या, मूळच्या आहेत. आता कान देऊन ऐका. या मूर्तींच्या रक्षणासाठी २८ देवता उभ्या आहेत आणि त्यांत ब्रह्मा, इंद्र, महेश्वर, नारायण, गरुड, असुर आहेत! नावे जपानी झाली आहेत: इंद्र तेथे ‘ताइशाकुतेन’, गरुड ‘कारुरा’. बौद्ध धर्माबरोबर भारतातून मध्य आशिया, चीन, कोरिया असा मुक्काम करत हे देव तेथे पोहोचले. बूट बाहेर काढायचे आणि आत फोटो काढायचे नाहीत, हे नियम आपल्या मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाहीत.

तेथून पुन्हा पायी कियोमिझू-देरा. मंदिराची परंपरा इ.स. ७७८ पासूनची, आजची मुख्य वास्तू १६३३ ची. डोंगरउतारावर सुमारे १३ मीटर उंचीचा लाकडी सज्जा आहे, खिळ्यांशिवाय केवळ सांधे जुळवून उभा केलेला. धाडसाचा निर्णय घेणाऱ्याला जपानी लोक ‘कियोमिझूच्या सज्जावरून उडी मारली’ असे म्हणतात. पुढे दगडी पायऱ्यांच्या जुन्या गल्ल्यांतून उतरत यासाका देवस्थान. तेथेही प्रवेशशुल्क नाही. संध्याकाळी बसने स्टेशन.

आता हिशोब (२०२४ चे दर, प्रौढ व्यक्तीसाठी)

इनारीला जाणे-येणे : १५० + १५० = ३०० येन
सान्जूसान्गेन्दो प्रवेश : ६०० येन
कियोमिझू-देरा प्रवेश : ५०० येन
परतीची बस : २३० येन
एकूण : १६३० येन

एक येन साधारण ५५ पैसे धरला तर हे सुमारे ९०० रुपये होतात. जेवणासाठी भाताचा त्रिकोणी गोळा, ‘ओनिगिरी’, दुकानात दीडशे-दोनशे येनला मिळतो. शाकाहारी मंडळींनी आत खारवलेले आंबट फळ, ‘उमेबोशी’, असलेला घ्यावा. त्याची चव आपल्या लोणच्याच्या जवळची आहे. रस्सा मात्र विचारून घ्यावा. त्यात बहुधा माशाचा अर्क असतो.

येथे मुलांनी एक चांगला प्रश्न काढला. बस आणि भुयारी रेल्वेचा दिवसभराचा पास ११०० येनला मिळतो. तो घ्यावा का? २३० येनच्या चार फेऱ्या ९२० होतात, पाच फेऱ्या ११५०. म्हणजे पाच फेऱ्या केल्या तरच पास परवडतो. आपल्या आराखड्यात बसची फेरी एकच आहे, आणि इनारीच्या गाडीला हा पास चालत नाही. ‘सवलत’ हा शब्द वाचून पैसे काढायचे नाहीत, आधी भागाकार करायचा.

क्योतोत पूर्वी ७०० येनचा केवळ बसचा पास होता. प्रवाशांच्या गर्दीमुळे गावातल्या लोकांनाच बसमध्ये जागा मिळेना, म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबवली. आपली स्वस्ताई दुसऱ्या कोणाला महाग पडते का, हाही हिशोबाचाच भाग आहे.

विमानभाडे आणि मुक्काम यांचा खर्च मोठा आहे, हे उघड आहे. तो या पाठाने कमी होत नाही. म्हणूनच ही सहल कागदावर आहे. पण रीत मात्र खरी आहे.

जपानच्या शाळांकडून घेण्यासारखे

जपानमध्ये शालेय सहलीला ‘शूगाकु र्योको’ म्हणतात, म्हणजे अध्ययनासाठीचा प्रवास. १८८६ मध्ये तोक्योच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेच्या लांब पदयात्रेपासून तिची सुरुवात मानतात. देशभरातल्या शाळांतील मुले क्योतोला येतात. लहान गट करून मार्ग स्वतः आखतात, छोटी पुस्तिका तयार करतात. सहल संपूर्ण वर्गाची असते. त्यासाठी पालक बरेच महिने आधीपासून थोडी थोडी रक्कम जमा करतात. ज्या कुटुंबांना तेही जड जाते त्यांना शिक्षण साहाय्यातून मदत मिळते.

आता आपल्याकडे पाहू. दरवर्षी सहलीची चिठ्ठी घरी गेली की प्रत्येक वर्गात दोन-चार मुले “आम्हाला गावी जायचंय” म्हणून सांगतात. ती गावी जात नाहीत, हे वर्गशिक्षिका बाईंना ठाऊक असते आणि शेजारी बसणाऱ्या मित्रालाही. एकदम मोठी रक्कम मागितली की घरात नाही म्हणावे लागते, आणि ते नाही मूल आपल्या अंगावर घेते. सहलीतून आल्यावर महिनाभर वर्गात जे किस्से चालतात, त्यांत त्या मुलाला बोलायला काही नसते.

म्हणून माझा प्रस्ताव असा. डिसेंबरची मांडू सहल मुलांनीच आखावी. इंदूरपासून अंतर सुमारे १०० किलोमीटर. पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश निःशुल्क आहे, तेव्हा मुख्य खर्च बसचा. डबा घरचा. रक्कम जुलैपासून सहा हप्त्यांत घ्यावी, आणि जे हप्ते कमी पडतील ते विश्वस्त मंडळाने सहल निधीतून, नाव न उच्चारता, भरावेत. सहलीला वर्ग जाईल तर पूर्ण जाईल.

स्वाध्याय

१. वरील आराखड्यात किंकाकुजी (प्रवेश ५०० येन) आणि बसच्या दोन फेऱ्या वाढवल्या तर एकूण खर्च किती? आता पास परवडेल का?
२. सान्जूसान्गेन्दोतील कोणत्याही तीन भारतीय देवतांची नावे लिहा. नकाशावर भारत ते जपान त्यांचा मार्ग काढा.
३. मांडूच्या सहलीचा दर डोई खर्च काढा आणि त्याचे सहा हप्ते करा. उत्तर आई-वडिलांना दाखवून त्यांची सही आणा.

तिसऱ्या प्रश्नाच्या वह्या मी स्वतः तपासणार आहे.

— मुख्याध्यापक