कबड्डीची क्लिप ऑनलाइन टाकायची, तर खर्च किती?

आदिलाबाद जिल्ह्यात बेला, जैनथकडच्या गावात कबड्डीचे सामने भरले की त्यातल्या चढाया-पकडींचे रील पैनगंगेच्या अल्याड-पल्याड फिरतात. ते रील टाकणाऱ्या चॅनेलवरच मग कुणी प्रो कबड्डी लीगमधल्या तेलुगू टायटन्सच्या सामन्यातली क्लिपही टाकतं. या दोन क्लिपांचा हिशेब अगदी वेगळा आहे आणि तो न कळल्यामुळे मेहनती पोरांची चॅनेलं बंद पडतात.

आधी टीव्हीवरची क्लिप. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात प्रक्षेपकाला प्रक्षेपणावर 25 वर्षांचा स्वतंत्र हक्क आहे. मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्ड करून टाकलेला तुकडाही त्यात येतो. ‘श्रेय अमुक चॅनेलला’ असं लिहिल्याने परवानगी मिळत नाही. ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ असा नियम कायद्यात कुठेच नाही. ताज्या घडामोडींची बातमी देताना रास्त वापराची सवलत आहे, पण हायलाइट्सचं चॅनेल म्हणजे बातमी नव्हे.

परवाना मागायचा तो लीगकडे किंवा हक्क घेतलेल्या प्रक्षेपकाकडे. ठरलेलं छापील दरपत्रक नसतं. किती सेकंद, कुठल्या देशांत, किती काळ, सोबत जाहिरात आहे का, यावर भाव ठरतो. समजण्यापुरतं उदाहरण घ्या. दर सेकंदाला 500 रुपये धरले, तर 30 सेकंदांचे 15,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 2,700, म्हणजे 17,700 रुपये. पण ‘किमान आकारणी एक मिनिट’ अशी अट असेल, तर तीच क्लिप 35,400 ला पडते. म्हणून दराआधी किमान आकारणी विचारा. असे हक्क किती महाग असतात ते क्रिकेटमध्ये बघा: आयपीएलचे 2023 ते 2027 चे माध्यम हक्क 48,390 कोटींना गेले, म्हणजे एका सामन्याला सुमारे 118 कोटी. एवढा पैसा ओतणारा गावातल्या दुकानाच्या जाहिरातीसाठी क्लिप स्वस्तात देईल, ही आशा धरू नका. जाहिरात करायची नसेल, तर अधिकृत चॅनेलच्या व्हिडिओची लिंक शेअर करा. खर्च शून्य.

चुकलात तर यूट्यूबवर 90 दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की चॅनेल जाऊ शकतं. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे.

आता आपल्या मंडळाचे सामने. इथे हक्क तुमच्या हाती असू शकतो, आणि बहुतेक आयोजकांना ते माहीतच नसतं. मंडळाने पैसे मोजून चित्रीकरण करवून घेतलं आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक मंडळ. व्हिडिओवाल्याने स्वतःच्या खर्चाने शूटिंग केलं, तर मालक तो. त्याच्याकडून परवाना घेताना शंभराच्या स्टॅम्प पेपरवर एवढं तरी लिहून सही घ्या: ‘या सामन्यांचं चित्रण मंडळाने यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्रामवर जगभर, दहा वर्षे, कापून-जोडून वापरावं, यास माझी मान्यता आहे, मोबदला म्हणून इतके रुपये मिळाले.’ ‘जगभर’ आणि मुदत या दोन गोष्टी लिहायच्या राहू देऊ नका. त्या नसतील तर कायदा परवाना फक्त भारतापुरता आणि पाच वर्षांचाच धरतो. शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर वेगळं लिहिलेलं नसल्यास तो संपतो.

चित्रणाची नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल, तर कॉपीराइट कार्यालयाचं शुल्क प्रत्येक चित्रफितीमागे 5,000 रुपये. लहान मंडळाने यावर पैसे घालवण्यापेक्षा मूळ फाइल, पावती आणि तो कागद जपून ठेवावा; वादात पुरावा म्हणून तेच कामी येतात.

गाण्याकडेही बघा. मैदानात डीजेवर सिनेमाचं गाणं चालू असेल, तर चित्रण तुमचं असूनही संगीत कंपनीचा दावा येतो आणि जाहिरातीची कमाई तिकडे वळू शकते. आवाज बंद करून यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं फुकट संगीत लावा, किंवा समालोचकाचा माइक थेट रेकॉर्डरला जोडून घ्या.