हॉलोबॉडी घेतलीत? पिकअपला एवढ्यात हात लावू नका

स्वस्तातली हॉलोबॉडी गिटार घेतली की पहिला सल्ला मिळतो तो पिकअप बदलण्याचा. दुकानात, रिहर्सल रूममध्ये, मित्रांच्या गप्पांत, सगळीकडे तोच. स्वतः भोगल्यानंतर मी नेमकं उलट सांगतो: पिकअप सगळ्यात शेवटी. आधी तारा, मग ब्रिज, नट, अ‍ॅम्प, आणि घरातल्या भिंतीवरचा विजेचा बोर्डसुद्धा.

माझी गिटार आयबानेझच्या आर्टकोअर मालिकेतली. ही मालिका २००२ साली आली आणि पूर्ण पोकळ अंगाची गिटार आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली. तिचं लाकूड लॅमिनेटेड, म्हणजे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेलं. ‘प्लायवूडची गिटार’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं मनावर घेऊ नका. गिब्सनची ईएस-१७५ ही जॅझमधली सर्वांत परिचित गिटार १९४९ साली आली, तीही लॅमिनेटेड मेपलची होती. जो पास आणि पॅट मेथेनी यांनी वर्षानुवर्षं तीच वाजवली. थरांचं लाकूड एकसंध लाकडापेक्षा कमी थरथरतं, त्यामुळे फीडबॅक जरा उशिरा सुरू होतो, आणि आपल्या पावसाळ्यात ते फुगतंही कमी.

तर ही गिटार छान वाजत होती. फक्त जरा साफसफाई आणि नव्या तारा, एवढ्यासाठी मी ती एका वर्कशॉपमध्ये दिली. परत आली ती बेसूर होऊन. मोकळ्या तारा ट्यूनरवर चोख दिसायच्या, पण सातव्या-आठव्या फ्रेटच्या वर गेलं की कॉर्ड आंबायचा. तिसरी तार तर हमखास चढलेली. जोरात स्ट्रम केलं की कुठेतरी खरखर. वर्कशॉपने निदान केलं की खुंट्या हलक्या दर्जाच्या आहेत आणि पिकअपमध्ये दम नाही. दोन्ही बदलून झालं, बिल गिटारच्या निम्म्या किमतीच्या आसपास गेलं. बेसूरपणा होता तसाच राहिला, वर एक नवी घरघर सुरू झाली.

मला यातून बाहेर काढलं ते वांद्र्याच्या एका गोवेकर अंकलनी. आयुष्यभर बँडमध्ये वाजवलेले. त्यांनी गिटार अ‍ॅम्पला लावलीच नाही. मांडीवर आडवी घेतली, चष्मा कपाळावर ढकलला आणि आधी ब्रिज पाहिला.

हॉलोबॉडीचा ब्रिज बहुतेकदा स्क्रूने बसवलेला नसतो. तो वरच्या लाकडावर नुसता ठेवलेला असतो आणि तारांच्या दाबाने जागेवर राहतो. वर्कशॉपने सगळ्या तारा एकदम उतरवल्या होत्या. ब्रिज सुटला, आणि पुन्हा ठेवताना अंदाजाने ठेवला गेला. त्यातून तारा लावल्या त्या १०-४६ या बारीक संचातल्या. बारीक तारांचा दाब कमी, म्हणून जोरात वाजवलं की ब्रिज आणखी सरकायचा, आणि मी ज्या खरखरीला वैतागलो होतो ती तिथलीच होती. तिसरी बाब मला तोवर ठाऊकच नव्हती. माझ्या गिटारचा ब्रिज लाकडी आहे. त्याच्या माथ्यावर प्रत्येक तारेसाठी पुढे-मागे पायऱ्या कोरलेल्या असतात, आणि जुन्या पद्धतीच्या अशा ब्रिजवर त्या पायऱ्या गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेच्या हिशोबाने कोरतात. बारीक संचात तिसरी तार साधी असते. ती त्या पायरीवर वरच्या फ्रेटना चढीच वाजणार. यात खुंट्यांचा संबंध नाही आणि पिकअपचा तर नाहीच नाही.

अंकलनी ११ ने सुरू होणारा, गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा संच लावायला सांगितला. मग ब्रिज कसा बसवायचा ते दाखवलं. आधी तार सुरात लावायची, बाराव्या फ्रेटवर हलका स्पर्श करून हार्मोनिक ऐकायचा, मग तिथेच तार दाबून वाजवायची. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज शेपटीकडे, उतरला तर मानेकडे. तारा जरा सैल करायच्या आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी ब्रिजचा पाया केसभर सरकवायचा. दोन कडेच्या तारा जुळल्या की मधल्या आपोआप जवळ येतात. जागा सापडली की पायाच्या कडेने मास्किंग टेप लावायची. तेव्हापासून मी तारा एकेक करूनच बदलतो. कुणालाही गिटार देताना हे आधी सांगा, हवं तर कागदावर लिहून केसमध्ये ठेवा.

जाड तारा लावल्या की मानेवरचा ताण वाढतो, म्हणून ट्रस रॉड पाहून घ्यावा लागतो. पहिल्या फ्रेटला कॅपो लावा, शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते पाहा. पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. ट्रस रॉड फिरवायचा तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. नटच्या खाचाही जाड तारेला अपुऱ्या पडतात. ट्यूनिंग करताना टिक् असा आवाज येऊन सूर उडी मारतो तो तार खाचेत अडकल्यामुळे. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासून पाहा. तेवढ्याने भागलं नाही तर जाणकाराकडून खाच बारीक कानशीने मोकळी करून घ्या, किंवा हाडाचा नट बसवा. स्वस्त गिटारवर पैसे घालायचेच असतील तर माझ्या मते ही पहिली जागा. नव्या खुंट्यांवर खर्च करणाऱ्या निम्म्या लोकांचं काम इथेच होऊन जाईल.

आता ती घरघर. हॉलोबॉडीला मागे झाकण नसतं. पिकअप बदलायचा तर आतले पॉट, स्विच, जॅक सगळं एफ-होलमधून बाहेर ओढायचं आणि दोरा बांधून पुन्हा एकेक आपापल्या भोकात आणायचं. मोठं कटकटीचं काम. सॉलिडबॉडीवर हात बसलेला माणूस इथे हमखास घाई करतो. शेपटीला जोडलेली अर्थची बारीक वायर या ओढाताणीत तुटली किंवा परत जोडायची राहिली की घरघर सुरू होते. ओळखायचं असं: तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर वायर शाबूत आहे. काहीच फरक पडत नसेल तर आधी तीच तपासा. माझ्या गिटारमध्ये ती आत लोंबकळत होती.

मात्र घरात दोन पिनांचा प्लग किंवा अर्थिंग नसलेला बोर्ड असेल तर कितीही निर्दोष गिटार घरघरेल. हा विषय आवाजापुरता नाही. अर्थिंग नसलेल्या हॉलमध्ये गिटार हातात धरून माइकला ओठ लागला की शॉक बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. मांडवात वाजवणाऱ्यांनी टेस्टर जवळ ठेवावा.

नव्या पिकअपने काहीच फरक पडला नाही असं मी म्हणणार नाही. पण जाड तारांनी आवाजात जी गोलाई आली तिच्यापुढे तो किरकोळ होता. तुमचा पिकअप पातळ किंवा चिखलासारखा वाजत असेल तर आधी त्याची उंची बदला. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून बारीक तारेखाली दोनेक आणि जाड तारेखाली तीनेक मिलिमीटर अंतर ठेवा, मानेजवळचा पिकअप हवा तर आणखी खाली घ्या. स्क्रूड्रायव्हर आणि दहा मिनिटं, बस्स.

फीडबॅकवर तर कुठलाही पिकअप हा इलाज नाही. पोकळ पेटी अ‍ॅम्पचा खर्ज पकडते आणि घुमत राहते. बी. बी. किंगसारखा वादक एफ-होलमध्ये कापडाचे बोळे कोंबायचा, आणि १९८० साली गिब्सनने त्याच्या नावाने ‘ल्युसिल’ काढली तिला एफ-होल ठेवलेच नाहीत. आपण मऊ फोमचे तुकडे कापून बसवू शकतो, ते केव्हाही काढता येतात. अ‍ॅम्प पाठीमागे जमिनीवर न ठेवता बाजूला स्टुलावर ठेवा आणि खर्ज कमी करा. शंभर ते अडीचशे हर्ट्झच्या पट्ट्यात एखादा सूर घुमत असेल तर साधा इक्वलायझर पेडल तेवढा पट्टा कापतो. माझ्या सामानात सर्वांत कारणी लागलेली वस्तू हीच. अ‍ॅम्प असा घ्या की जो आवाज वाढवला तरी फाटत नाही. रिहर्सल रूममध्ये रोलँडचा जेसी-१२० असेल तर आधी त्यावर वाजवून पाहा, मग आपल्या गिटारविषयी मत बनवा. आणि तुमच्या बँडमध्ये दणकून वाजवणारा ड्रमर असेल तर फुल हॉलोच्या वाटेला न जाता सेमी-हॉलो घ्या. १९५८च्या ईएस-३३५ मध्ये गिब्सनने मधोमध मेपलचा ठोकळा घातला तो यासाठीच. दिसायला तशीच असलेली एपिफोनची कसिनो मात्र आतून पूर्ण पोकळ आहे, हे घेताना विसरू नका.

जुनी गिटार घेणार असाल तर ब्रिजच्या उंचीच्या गोल चकत्या आधी पाहा. त्या पार खाली टेकल्या आहेत आणि तरी तारा उंच आहेत, तर मानेचा कोन बिघडलाय. कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या, ती दुरुस्ती गिटारपेक्षा महाग पडते. एफ-होलमध्ये टॉर्च मारून आतल्या पट्ट्या सुटल्यात का बघा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर गिटार बंद केसमध्ये सिलिका जेलसकट ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात त्रास उलटा असतो: लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात. जाड अंगाची ही गिटार नेहमीच्या बॅगेत मावत नाही, म्हणून केसचे पैसे गिटारच्या बजेटमध्येच धरा.

एवढं सगळं करून, सहा-आठ महिने वाजवूनही पिकअप बदलावासा वाटला तर जरूर बदला, पण हॉलोबॉडीचं काम आधी केलेल्या माणसाकडूनच. काढलेले मूळ पिकअप, खुंट्या आणि ब्रिज त्याच्याकडून मागून घ्या आणि नीट जपून ठेवा. उद्या गिटार विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतं.